मावशीचे नाव उलटसुलट सारखे आहे की नाही? घरातील वादावर निवाडा हवा आहे

धरमपेठकर (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी.

येत्या महिन्यात माझ्या मावशीला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने आम्ही भाचेमंडळी नागपुरात एक घरगुती समारंभ करीत आहोत. निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूस मावशीच्या नावातील गमतीजमती छापाव्यात अशी कल्पना निघाली आणि तिच्यापायी घरात दोन तट पडले.

मावशीचे माहेरचे नाव रेखा खेर. लग्नानंतर आडनाव बदलले खरे, पण नोकरी लग्नाआधीच लागलेली होती आणि राजपत्रात नाव बदलून घेण्याच्या खटाटोपात ती कधी पडली नाही, त्यामुळे सेवापुस्तकापासून निवृत्तिवेतनाच्या कागदांपर्यंत ती रेखा खेरच राहिली. मावसबहिणीची मुलगी अभियांत्रिकीला आहे. तिचे म्हणणे असे की हे नाव डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, एकच आहे. तिने ते संगणकावर उलटवून आम्हाला दाखवलेसुद्धा. मामा संस्कृतचे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर रे-खा-खे-र असे लिहिले, त्याखाली उलट क्रमाने र-खे-खा-रे असे लिहिले आणि ‘यात सारखे काय आहे ते मला दाखवा’ एवढेच म्हणून चष्मा काढून ठेवला. ‘चिमा काय कामाची’ आणि ‘रामाला भाला मारा’ ही विलोमवाक्ये लहानपणी त्यांनीच आम्हाला शिकवली होती, त्यामुळे त्यांना उत्तर देण्याची आमच्यापैकी कोणाची प्राज्ञा नाही. पत्रिका छापखान्यात जाण्यापूर्वी या वादाचा निकाल लागणे आवश्यक आहे.

दोन गोष्टींबद्दल मात्र घरात एकमत आहे. पहिली अशी की ‘रेखा’ हे नाव अक्षरांच्या क्रमाने उलटे केले की ‘खा रे’ होते, आणि मावशीच्या घरी गेलेल्या कोणत्याही भाच्याला चप्पल काढण्याआधी हेच दोन शब्द ऐकू येतात. सांबारवडीचे ताट पुढे आल्यावर नकार देण्याची सोय तिथे नाही. दुसरी गोष्ट तिच्या नोकरीची. पाटबंधारे खात्यात ती अनुरेखक म्हणून लागली, पुढे सहायक आरेखक झाली आणि आरेखक म्हणून निवृत्त झाली. म्हणजे पदे बदलली तरी त्या प्रत्येकात तिचे नाव, शेवटचा काना वगळता, छापलेलेच होते. ट्रेसिंग पेपरवर शाईने समोच्च रेषा ओढण्यात तिचे उमेदीचे दिवस गेले आणि कार्यालय होते सिव्हिल लाइन्समध्ये. रेखाने रेषा काढायच्या त्या लाइन्समध्ये बसून, हा विनोद कार्यालयातील सहकाऱ्यांनी इतक्यांदा केला की निरोपसमारंभात तो कोणी केला नाही याचेच तिला आश्चर्य वाटले होते.

तेव्हा मुख्य प्रश्न नाव उलटसुलट सारखे मानावे की नाही हा. नावात आणखी काही दडलेले आढळल्यास तेही अवश्य सांगावे.

अक्षरमित्र

आपल्या घरातील दोन्ही पक्ष बरोबर आहेत. फरक आहे तो उलटवण्याचे एकक कोणते धरले यात.

मामा ज्या परंपरेतून बोलत आहेत तिच्यात एकक अक्षर हे आहे, म्हणजे व्यंजन आणि त्याला चिकटलेला स्वर मिळून एक घटक. सोळाव्या शतकातील दैवज्ञ सूर्यकवीच्या रामकृष्णविलोमकाव्यात श्लोकाची पहिली ओळ रामाची असते आणि तीच ओळ अक्षराअक्षराने मागून वाचली की कृष्णाची दुसरी ओळ तयार होते. त्यात ‘क्ति’सारखे जोडाक्षर उलटताना फुटत नाही, अखंडच राहते. वाल्या कोळ्याच्या कथेत ‘मरा मरा’ म्हणता म्हणता ‘राम राम’ होते तेही याच न्यायाने. चित्रकाव्यात अनुस्वार-विसर्गाच्या कमीजास्तीकडे दुर्लक्ष करण्याची मुभा आहे, आणि ‘चिमा काय कामाची’ म्हणताना पहिली चि ऱ्हस्व आणि शेवटची ची दीर्घ असूनही आपण कोणी हरकत घेत नाही. परंतु ‘रे’ आणि ‘र’ यांतील अंतर या सवलतींत बसण्याइतके लहान नाही. अक्षराच्या कसोटीवर रेखा खेर हे नाव नापास आहे, हे मान्य करावे लागेल.

आता कानाची कसोटी लावून पाहा. मराठीत ‘खेर’ म्हणताना शेवटच्या र मधील अकार आपण उच्चारत नाही, खेर् असेच म्हणतो. त्यामुळे संपूर्ण नावात केवळ सात ध्वनी उरतात: र्, ए, ख्, आ, ख्, ए, र्. मधोमध आ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तंतोतंत तेच ध्वनी, म्हणजे ध्वनींच्या दृष्टीने हे निर्दोष विलोमपद ठरते, आणि इतक्या साध्या, घरोघरी आढळणाऱ्या नावात ते सापडावे याचे मला खरोखर अप्रूप वाटले. (ध्वनिमुद्रण उलटे वाजवून कोणाला हे सिद्ध करता येणार नाही, कारण ख मधील हवेचा झोत स्पर्शाच्या नंतर येतो आणि फीत उलटी फिरवली की तो आधी ऐकू येतो.)

संगणकाचे म्हणणे कानाशी का जुळले, यामागेही कारण आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या प्रमाण पद्धतीत, ‘रे’ हा एक घटक म्हणून साठवला जात नाही; आधी र, मग एकाराची मात्रा, मग ख, मग काना अशा स्वतंत्र खुणा एकामागून एक ठेवल्या जातात, आणि अकारासाठी वेगळी खूणच नसते. त्यामुळे र, मात्रा, ख, काना, ख, मात्रा, र ही रांग दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. नुसते ‘रेखा’ उलटवून पाहिले तर सुरुवातीला एक अनाथ काना ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभा राहतो आणि त्यापुढे चक्क ‘खेर’ उमटते. मावशीचे आडनाव तिच्या नावातच मागून लिहिलेले होते असे म्हणायला हरकत नाही. मात्र आपल्या भाचीने नाव-आडनावामधील मोकळी जागा काढून टाकली असणार, कारण ती राहिली तर उलटवल्यावर काना चुकीच्या बाजूला जातो. शिवाय काही प्रोग्रामिंग भाषा मात्रेसह संपूर्ण अक्षर हाच एक घटक धरतात. तिने त्यांपैकी एखादी वापरली असती तर संगणकाने मामांच्या बाजूने कौल दिला असता. रोमन लिपीत तर दोन्ही पक्ष हरतात, कारण तिथे ख लिहायलाच दोन अक्षरे लागतात.

जाता जाता एक गंमत. आडनाव खेरऐवजी ‘खरे’ असते तर रे-खा-ख-रे याची दोन्ही टोके मामांच्या नियमाने जुळली असती आणि केवळ मधल्या एका कान्याने घात केला असता.

सदरची वाचक

‘खा रे’ ही कोटी सुरेख आहे, परंतु तिचा लाभ केवळ भाच्यांना होतो याकडे लक्ष वेधते. भाच्यांच्या बहिणी आल्यावर मावशी ‘खा गं’ म्हणत असतील, आणि ‘गंखा’ असे नाव जगात कोणाचेही नसावे. शिवाय अस्सल वऱ्हाडी घरात ‘खाय रे’ असे म्हणतात. ‘खा रे’ म्हणणाऱ्या मावशी पुस्तकी मराठीच्या वळणाच्या असाव्यात, असा माझा तर्क आहे.

आमच्याही घरात अशी दोन नावे आहेत. आत्याचे नाव लता, उलट केले की ताल; तिला गाण्याचा कान मुळीच नाही. मामाचे नाव रवी, उलट केले की वीर. भिंतीवर पाल दिसली की हा वीर अंगणात जाऊन उभा राहतो आणि पाल गेल्याची खात्री मामी करून देईपर्यंत आत येत नाही.

महालकर

आपण ‘आणखी काही दडलेले’ विचारले आहे म्हणून लिहितो. नाव वाचल्याबरोबर माझा हात सवयीने कटपयादीकडे गेला.

ज्यांना परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर ही व्यंजनांना अंक देण्याची जुनी पद्धत आहे. क पासून झ पर्यंत १ ते ९ आणि ञ ला शून्य. ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९ आणि न ला शून्य. प ते म यांना १ ते ५. य ते ह यांना १ ते ८. व्यंजनाला जोडलेल्या स्वराला किंमत नाही आणि जोडाक्षरातील शेवटचेच व्यंजन मोजायचे. तयार झालेली संख्या उजवीकडून डावीकडे वाचायची, कारण ‘अंकानां वामतो गतिः’. महाभारताचे ‘जय’ हे नाव घ्या: ज म्हणजे ८, य म्हणजे १, उलट वाचले की १८, आणि पर्वेही १८. कर्नाटक संगीतात ७२ मेलकर्ता (म्हणजे जनक) रागांचे क्रमांक याच युक्तीने नावांत बसवलेले आहेत. ‘मेचकल्याणी’मध्ये मे चे ५ आणि च चे ६, म्हणून तो ६५ वा.

आता मावशींकडे वळू. क, ख म्हणताना ख दुसरा येतो आणि य, र म्हणताना र दुसरा येतो. म्हणजे रेखा हे २२ आणि रेखा खेर हे २२२२. वामगतीने वाचा किंवा दक्षिणगतीने, काहीही फरक पडत नाही. स्वरांना मूल्य नसल्यामुळे इथे मामांचा ‘रे’ आणि ‘र’ यांवरील आक्षेपही आपोआप गळून पडतो, आणि पद्धत संस्कृत शास्त्रग्रंथांतलीच असल्यामुळे तिच्यावर आधुनिकतेचा आरोप त्यांना करता येणार नाही. कार्यालयीन ओळखपत्राचा क्रमांक, घराचा क्रमांक, जन्मतारीख यांत कुठे २२ आढळतात का, ते जरूर पाहावे.

धरमपेठकर (प्रश्नकर्ता)

अक्षरमित्र, आपले उत्तर मामांना मोठ्याने वाचून दाखवले. ‘अक्षराच्या कसोटीवर नापास’ हे वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावले आणि पुढचा भाग ऐकताना वर्तमानपत्र उघडले. सूर्यकवीचे नाव निघाले तेव्हा मात्र वर्तमानपत्र खाली आले, आणि पुढचा अर्धा तास भाचीला अनुलोम-विलोम श्लोकांचे धडे मिळाले. मोकळी जागा काढल्याचे तिनेही कबूल केले आहे.

सदरच्या वाचक ताईंचा तर्क अचूक आहे. मावशीचे शिक्षण आणि वळण पुस्तकी, आणि आपल्याला मात्र ‘खा गं’ हेच ऐकावे लागते अशी बहिणींची जुनी तक्रार असल्याचे चौकशीअंती समजले.

महालकर, २२२२ पाहून घरात शोधमोहीम निघाली. जन्मतारखेत २२ नाही, घराच्या क्रमांकात नाही, दूरध्वनी क्रमांकात एका ठिकाणी दोन २ शेजारीशेजारी आहेत. भाची त्यावर समाधानी आहे, मी नाही.

काकतालीय

आपण समाधानी नाही हे वाचून बरे वाटले. रंगाचा बेरंग करण्याचा हेतू नाही, परंतु या चर्चेत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होत आहे. रेखा खेर या नावातील ध्वनींची रचना ही वस्तुस्थिती आहे. ती कोणीही केव्हाही तपासावी, तीच निघेल. २२२२ हेही गणित म्हणून खरे आहे. मात्र त्यानंतर घरात २२ शोधत फिरणे म्हणजे आधी बाण मारून मग त्याच्याभोवती वर्तुळ आखणे होय. वानगीदाखल आपल्या शहराचेच नाव घेऊ. ना चे ०, ग चे ३, पू चे १, र चे २. उलट वाचले की २१३०. नागपूरचा अक्षांश २१ अंशांच्या किंचित पुढे आहे. म्हणजे शहराचे नाव ठेवणाऱ्यांना अक्षांश ठाऊक होता असे मानायचे काय? ज्याला चमत्कार हवा असतो त्याला पहिले दोन अंक पुरतात आणि उरलेले दोन तो सोयीस्करपणे विसरतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, तेव्हा न मोडलेल्या फांद्यांवर बसलेले कावळे कोणी मोजत नाही.

नाव आणि व्यवसाय यांच्या मेळाबद्दलही हेच म्हणता येईल, जरी तो मेळ मला स्वतःला अतिशय आवडला. या विषयाचे कुतूहल जुने आहे. ब्रिटनमधील ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकाच्या एका सदरात १९९४ मध्ये अशा उदाहरणांची चर्चा सुरू झाली, त्यात मूत्रविकारावरील एका शोधनिबंधाचे लेखक स्प्लॅट आणि वीडन हे होते. इंग्रजी वाचकाला या दोन्ही आडनावांत त्या विषयाचाच शिडकावा ऐकू येतो. पुढे २००२ मध्ये पेलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आकडेवारीवरून असे मांडले की माणसे नकळत स्वतःच्या नावाशी मिळताजुळता व्यवसाय निवडतात. उदाहरणार्थ, डेंटिस्ट मंडळींत डेनिस नावाचे लोक अपेक्षेपेक्षा जास्त आढळतात. २०११ मध्ये युरी सायमनसन यांनी त्याच पुराव्याची फेरतपासणी केली आणि दाखवून दिले की डेनिस हे नाव एका विशिष्ट पिढीत अधिक ठेवले गेले होते, त्यामुळे ते वकिलांमध्येही तसेच अधिक दिसते. दातांचा त्यात संबंध नव्हता.

मावशींच्या पिढीत रेखा हे नावही असेच घरोघरी होते. महाराष्ट्रातील पाटबंधारे, बांधकाम, भूमापन अशा खात्यांतील आरेखन शाखांत एकही रेखा बसली नसती तर ते अधिक आश्चर्याचे ठरले असते. ज्या रेखा बँकेत किंवा शाळेत लागल्या त्यांच्या भाच्यांनी येथे प्रश्न विचारला नाही, एवढाच फरक. तरीही पत्रिकेत अनुरेखकाची गोष्ट अवश्य छापावी. योगायोग हा योगायोग म्हणून सांगितला तर त्याची गोडी कमी होत नाही, आणि ‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ अशा नावांच्या गर्दीत एक तरी नाव हातातल्या कामाला शोभून दिसले हे चांगलेच आहे.

२२ चा शोध मात्र थांबवावा. दूरध्वनी क्रमांकातील दोन २ हा पुरावा नव्हे.

सीताबर्डीची सून

समारंभ आहे, पत्रिका आहे, नावाची चर्चा आहे, आणि अद्याप कोणी उखाण्याचा उल्लेख केलेला नाही, याचे नवल वाटते. हल्ली लग्नात नवरेही नाव घेतात, मग अमृतमहोत्सवात मावशींच्या यजमानांनी का घेऊ नये? मावशी पाटबंधारे खात्यातील आहेत म्हणून हा जुळवला आहे:

पेंचच्या कालव्याला फुटल्या किती शाखा,
साऱ्या नकाशावर उमटवणारी माझी रेखा.

पाठांतराला सोपा आहे आणि यमकासाठी ओढाताण नाही. नाव घेताना पुढे आडनाव लावू नये, उखाण्याचा तोल जातो.

आणखी एक व्यावहारिक सूचना. पत्रिकेत नाव छापताना त्याआधी ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ आले तर इतक्या मेहनतीने सिद्ध केलेली उलटसुलट रचना तिथेच मोडेल. छापखान्यातील मंडळी सवयीने ‘सौ.’ जोडून देतात आणि विचारतही नाहीत. तेव्हा मुद्रितशोधनाची प्रत स्वतः पाहावी. पत्रिकेच्या दर्शनी बाजूला मात्र सासरच्या नावासह रीतसर मायना असावा, नाहीतर सासरची वडीलधारी मंडळी नाराज होतील.

धरमपेठकर (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री मामा, भाची आणि मी असे तिघे बसून मजकूर ठरवला. मामांनी दोन अटी घातल्या. ‘विलोमपद’ हा शब्द छापायचा नाही, कारण शास्त्राने तो अक्षरांसाठी राखला आहे असे त्यांचे मत आहे. त्याऐवजी ‘कानाला उलटसुलट सारखे’ असे छापायचे. दुसरी अट अशी की त्याखाली २२२२ ची रीत कटपयादी या नावासह द्यायची आणि ते स्पष्टीकरण मामा स्वतः लिहिणार. अक्षरमित्रांचा शेरा वाचताना वर्तमानपत्रात डोके घातलेल्या माणसाने हे लेखन आपणहून अंगावर घ्यावे, हे भाचीला अद्याप पटलेले नाही. काकतालीय यांच्या आक्षेपाला मान देऊन २२ चा शोध बंद केला आहे आणि अनुरेखकाची गोष्ट ‘योगायोगाने’ या शब्दाने सुरू होते. ‘खा रे’च्या ओळीत बहिणींच्या आग्रहावरून ‘खा गं’ कंसात घातले आहे. त्याने कोटी लंगडी झाली, पण जेवणाच्या दिवशी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. छापखान्याला ‘सौ.’ न लावण्याची सूचना लेखी दिली आहे.

उखाणा काकांना पसंत पडला. काका स्वतः त्या खात्यातील नसल्यामुळे कालव्याला ‘शाखा’ म्हणणे बरोबर आहे का, अशी शंका त्यांना आली, आणि मावशीसमोर चुकीचा शब्द उच्चारण्याची त्यांची तयारी नाही. तेव्हा मीच आडून आडून मावशीला विचारले, की मुख्य कालव्यातून जो फाटा निघतो त्याला तुमच्या खात्यात काय म्हणतात. ती म्हणाली, शाखा कालवा, त्यानंतर वितरिका, त्यानंतर लघुवितरिका. आणि हे तू आज अचानक का विचारतो आहेस? मी संत्रा बर्फीकडे विषय वळवला. काकांचे पाठांतर सुरू आहे.